जुनी झेरॉक्स आणि लटकलेलं शेल

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी इम्युलेटर (प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांची चार पत्रं आली आणि चारही जण एकाच ठिकाणी अडकलेत, टीएलबी. म्हणजे पत्त्यांचं भाषांतर लक्षात ठेवणारी ती छोटी कॅशे. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. पहिलं उत्तर लांबलंय पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न: सर नमस्कार, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत सी मध्ये ६४ बिट रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा इम्युलेटर लिहिला, त्यावर एमआयटीची शिकवण्यासाठीची ओएस एक्सव्ही-६ बूट होते. पण फार स्लो, कारण प्रत्येक लोड-स्टोअरला मी पेज टेबल पूर्ण चालतो. म्हणून २५६ एन्ट्रीचा साधा टीएलबी टाकला. तेव्हापासून "इनिट: स्टार्टिंग एसएच" एवढं छापतं आणि पुढे शेलचा (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमचा) डॉलरचा प्रॉम्प्ट येत नाही, क्वचित एखाद्या वेळी येतो. स्पेकमध्ये वाचलं की सॅटप रजिस्टर (चालू पेज टेबल कुठलं ते सांगणारं) लिहिल्याने टीएलबी आपोआप साफ होत नाही, म्हणून मी तिथे काही करत नाही. फ्लश, म्हणजे जुन्या एन्ट्री पुसणं, फक्त एसफेन्स-व्हीएमए इन्स्ट्रक्शनला करतो, आरएस१ मधला पत्ता घेतो आणि त्या पानाची एन्ट्री उडवतो. टीएलबी बंद केला की सगळं नीट चालतं. चार दिवस यावर घालवलेत, कुठे चुकतंय?

उत्तर: अरे तू चुकीची जागा जवळजवळ स्वतःच सांगितलीस, "आरएस१ मधला पत्ता घेतो" या चार शब्दांत. पण नुसतं "ही ओळ बदल" असं सांगितलं तर तुला पुढच्या वेळी उपयोग नाही, कारण तुझ्याकडे जे घडतंय ते फार सुंदर पद्धतीने घडतंय, ते बघ.

आधी ज्या वाचकांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी. प्रोग्रॅम जो पत्ता वापरतो तो खरा नसतो, तो पेज टेबलमधून खऱ्या पत्त्यात बदलावा लागतो. रिस्क-फाइव्हच्या एसव्ही-३९ पद्धतीत पत्त्याचे ३९ बिट असतात, त्यातले ९-९-९ असे तीन तुकडे तीन पायऱ्यांच्या टेबलात शोधायला लागतात आणि उरलेले १२ बिट म्हणजे ४०९६ बाइटच्या पानातली जागा. म्हणजे एक आकडा वाचायचा तर आधी तीन वाचनं टेबलाची, मग चौथं खरं. हे प्रत्येक वेळी परवडत नाही म्हणून उत्तर लिहून ठेवायचं, तो टीएलबी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पेज टेबल म्हणजे तलाठ्याकडचं दप्तर आणि टीएलबी म्हणजे आपल्या कपाटात ठेवलेली सातबाऱ्याची झेरॉक्स. रोज तलाठी ऑफिसला जायला नको म्हणून झेरॉक्स बरी, पण तिकडे फेरफार झाला, जमीन दुसऱ्याच्या नावावर चढली, तर कपाटातल्या झेरॉक्सला ते कळत नाही. ती फाडायला कुणीतरी सांगावं लागतं. रिस्क-फाइव्हमध्ये ते सांगणं म्हणजे एसफेन्स-व्हीएमए. कर्नल सांगतो, प्रोसेसरने फाडायचं.

आता या इन्स्ट्रक्शनला दोन रजिस्टर असतात, आरएस१ म्हणजे कुठला पत्ता आणि आरएस२ म्हणजे कुठली अ‍ॅड्रेस स्पेस. आणि नियम असा की आरएस१ च्या जागी रजिस्टर नंबर शून्य, म्हणजे एक्स-झीरो, लिहिलं असेल तर त्याचा अर्थ "शून्य पत्ता" असा नाही, त्याचा अर्थ "सगळे पत्ते". इथे बघायचं ते रजिस्टरच्या नंबराकडे, त्यातल्या किमतीकडे नाही. एक्सव्ही-६ सगळीकडे दोन्ही शून्यवालाच प्रकार वापरतो, म्हणजे "सगळं फाडा". तू एक्स-झीरोची किंमत वाचतोस, ती अर्थातच ०, आणि इमानदारीने शून्य पत्त्याचं एकच पान उडवतोस. कर्नल म्हणतो सगळं फाड, तुझा इम्युलेटर एक कागद फाडतो आणि फाडलं म्हणून सांगतो.

मग निदान "स्टार्टिंग एसएच" पर्यंत तरी कसं आलं? कारण एक्सव्ही-६ मध्ये युजर प्रोग्रॅम शून्य पत्त्यापासूनच सुरू होतात. छोट्या प्रोग्रॅमचा कोड बराचसा त्या पहिल्याच पानात बसतो, आणि तुझ्या चुकीने नेमकं तेच पान दरवेळी साफ होतं. त्यामुळे पहिला प्रोग्रॅम जाऊन इनिट (शेल सुरू करणारा प्रोग्रॅम) आला तरी सगळं नीट दिसलं. चूक होतीच, फक्त लपली होती.

खरी मोडतोड फोर्कनंतर, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत (चाइल्ड) काढल्यावर, झाली. एक्सव्ही-६ मध्ये प्रत्येक प्रोसेसचं एक ट्रॅपफ्रेम नावाचं पान असतं, युजरमधून कर्नलमध्ये येताना रजिस्टर त्यात ठेवतात आणि परत जाताना त्यातून काढतात. हे पान प्रत्येक प्रोसेसचं वेगळं, पण पत्ता सगळ्यांचा एकच, ट्रॅम्पोलिनच्या (युजर-कर्नल ये-जा करवणाऱ्या कोडच्या पानाच्या) बरोबर खालचं पान. तुझ्या टीएलबीत तो पत्ता २५४ नंबरच्या खणात पडतो. इनिटने फोर्क केला, मग वेट (चाइल्ड संपेपर्यंत थांबणं) ही कॉल केली आणि झोपला, त्याची रजिस्टर त्याच्या ट्रॅपफ्रेममध्ये गेली, आणि २५४ च्या खणात इनिटच्या पानाची झेरॉक्स राहिली. शेड्युलरने चाइल्ड उचलला, सॅटप बदलला, "सगळं फाडा" झालं (म्हणजे तुझ्याकडे एकच पान), आणि चाइल्ड आपली रजिस्टर काढायला गेला तर जुन्या झेरॉक्सवरून त्याला बापाचं ट्रॅपफ्रेम मिळालं! पुढे कुठून चालायचं तो पत्ता मात्र कर्नलने चाइल्डच्या खऱ्या ट्रॅपफ्रेममधून वाचलेला, म्हणजे फोर्कच्या इकॉलच्या (कर्नलला हाक मारणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या) पुढची ओळ, तिथे फक्त "रिटर्न" असतो. पण रिटर्न कुठे हे रजिस्टर बापाचं. म्हणून चाइल्ड फोर्कमधून परततो तो थेट वेटच्या पुढच्या ओळीवर, शेल सुरू करणारी एक्झेकची ओळ त्याला कधी दिसतच नाही, तो पण बापासारखा वेट-वेट करत बसतो. प्रॉम्प्ट कुठून येणार. आणि एखाद्या वेळी कर्नलचंच दुसरं एखादं पान त्याच २५४ च्या खणात येऊन बसलं की जुनी झेरॉक्स आपोआप हटते आणि तुझा डॉलर दिसतो. टायमर तू लॅपटॉपच्या घड्याळावर चालवत असशील म्हणून दरवेळी वेगळं.

दुरुस्ती: इन्स्ट्रक्शन डिकोड करताना आरएस१ चा नंबर ० असेल तर पूर्ण टीएलबी साफ, नसेल तर त्या रजिस्टरमधल्या पत्त्याचं पान. आणि डिकोड करताना पूर्ण ३२ बिट हेक्स १२००००७३ शी जुळवू नको, तो फक्त दोन्ही शून्यवाला आकार आहे, रजिस्टरचे बिट सोडून बाकीचे जुळव, नाहीतर लिनक्सवर गेलास की पत्तेवाला प्रकार तुला अनोळखी इन्स्ट्रक्शन वाटेल.

सॅटपबद्दल तू वाचलंस ते बरोबर आहे, लिहिल्याने फ्लश होतो असं स्पेक म्हणत नाही. पण फ्लश केलात तर चूक असंही म्हणत नाही! प्रोसेसरला झेरॉक्स हवी तेव्हा फाडायची मुभा आहे, ठेवायची सक्ती कधीच नाही. हे डोक्यात पक्कं बसव, कारण शोधाशोधीचं सगळं तंत्र यावरच उभं आहे. जास्त फ्लश केला तर फक्त स्लो होतं, कमी केला तर चुकतं. म्हणून असा बग आला की आधी टीएलबी पूर्ण बंद (ते तू केलंस, शाबास, बरेच जण तेही करत नाहीत), मग चालू कर पण सॅटपच्या प्रत्येक लिखाणाला, प्रत्येक ट्रॅपला (कर्नलमध्ये शिरताना), प्रत्येक एसरेटला (तिथून परत जाताना), प्रत्येक एसफेन्सला पूर्ण फ्लश. चाललं का? मग एकेक काढत जा. ज्याला काढल्यावर मोडलं तिथे चोर. तुझ्या बाबतीत एसफेन्सला पूर्ण फ्लश ठेवून बाकी सगळं काढलं असतंस तरी चाललं असतं, आणि दहा मिनिटांत कळलं असतं की फ्लशची जागा बरोबर आहे, फ्लश अर्धवट आहे. हे स्विच कोडमधून कधी काढू नको, कमांड लाइनवर कायमचे ठेव. मी माझ्या पहिल्या इम्युलेटरमध्ये "आता चालतंय" म्हणून काढून टाकले होते आणि पुढच्याच महिन्यात असाच बग आला तेव्हा सगळं परत लिहायला लागलं, तीन रात्री गेल्या.

दुसरी एक युक्ती बरेच जण सुचवतात, प्रत्येक हिटला (टीएलबीत उत्तर सापडलं की) पेज टेबल पण चालायचं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघायचं. चांगली आहे, पण जपून. कर्नलने टेबल बदललं आणि एसफेन्स अजून केला नाही या मधल्या काळात जुनी एन्ट्री असणं कायदेशीर आहे, आणि एक्सव्ही-६ तर पानं काढताना तिथल्या तिथे एसफेन्स करत नाही, परत जाताना ट्रॅम्पोलिनमध्ये होणारच आहे म्हणून. त्यामुळे खोट्या तक्रारी येतील. मी ही तपासणी फक्त एसफेन्सच्या लगेच नंतर करतो, उरलेल्या सगळ्या एन्ट्री चालून बघायच्या, त्या क्षणी जी जुळत नाही तिच्याकडे बघायचंच.

आणि तुझ्या कोडमध्ये आणखी दोन गोष्टी असण्याची मला दाट शंका आहे. एक म्हणजे टीएलबीची जागा कॅलॉकने (शून्य भरून मेमरी देणारं सी चं फंक्शन) घेतली असशील, म्हणजे सगळे टॅग (एन्ट्री कुठल्या पानाची ते सांगणारे पत्ते) ०. मग शून्य पत्त्याचं पान पहिल्यांदा विचारलं की टॅग जुळतो आणि रिकामी एन्ट्री "हिट" होते. टॅगमध्ये सगळे बिट १ भर, पानाच्या सुरुवातीचा कुठलाही पत्ता त्याच्याशी जुळू शकत नाही. साफ करतानाही तेच. दुसरी गोष्ट, दोन पानांवर पसरलेलं वाचन. पानाच्या शेवटच्या चार बाइटपासून आठ बाइट वाचले तर अर्धे पुढच्या पानातले, आणि ते पान खऱ्या मेमरीत भलतीकडेच असू शकतं. फाब्रिस बेलार्ड, ज्याने क्यूएमू हा प्रसिद्ध इम्युलेटर लिहिला, त्याच्या टायनीएमू या छोट्या इम्युलेटरमध्ये यावर फार देखणी युक्ती आहे, टॅगशी तुलना करताना पत्त्यातले पान-नंबराचे बिट तर ठेवायचेच पण अलाइनमेंटचे (पत्ता वाचनाच्या आकाराच्या पटीत आहे का ते सांगणारे) खालचे बिट पण ठेवायचे. टॅगमध्ये ते ० असतात, त्यामुळे वाकडा पत्ता आपोआप जुळत नाही आणि हळू रस्त्याला जातो. एकाच तुलनेत दोन्ही तपासण्या! तो कोड एकदा बसून वाच, त्याचे टीएलबी पण २५६ चेच आहेत.

प्रश्न: नमस्कार, मी पुण्यात एम्बेडेड क्षेत्रात नोकरी करते, घरी हौस म्हणून रस्ट भाषेत रिस्क-फाइव्ह इम्युलेटर लिहिलाय. एक्सव्ही-६ महिनाभर अगदी सुरळीत. लिनक्सही बूट होतं, बिझीबॉक्सचं शेल येतं, पण पाइप लावून दोन-तीन प्रोग्रॅम एकत्र चालवले की कुठलातरी एक सेगफॉल्ट होतो (चुकीच्या पत्त्याला हात लावून मरतो), दरवेळी वेगळा. एसफेन्सचे सगळे प्रकार तपासले, बरोबर आहेत. मग एक्सव्ही-६ का चालतं?

उत्तर: ताई, तुमच्या बूट लॉगमध्ये "एएसआयडी अलोकेटर" अशी ओळ शोधा. त्यात १६ बिट, ६५५३६ एन्ट्री असं लिहिलेलं दिसलं तर मिळालं उत्तर.

सॅटपचे ६४ बिट असे वाटलेले आहेत, वरचे ४ मोड, मग १६ बिट एएसआयडी म्हणजे अ‍ॅड्रेस स्पेसचा नंबर, आणि खाली ४४ बिट मूळ पेज टेबलचा पत्ता. एएसआयडीचा हेतू असा की प्रत्येक झेरॉक्सवर मालकाचं नाव लिहायचं, मग प्रोसेस बदलताना सगळं फाडायला नको, नाव जुळलं तरच वापरायची. प्रोसेसरने यातले किती बिट द्यायचे ते त्याच्यावर, एकही नाही दिला तरी चालतं. म्हणून लिनक्स बूट होताना त्या जागी सगळे १ लिहून परत वाचतो आणि जितके टिकले तितके बिट आहेत असं धरतो. तुमचा इम्युलेटर, माझा अंदाज, सॅटपमध्ये आलेले ६४ बिट जसेच्या तसे ठेवतो आणि तसेच परत देतो. म्हणजे तुम्ही नकळत कबूल केलंत की आमच्याकडे १६ बिटांची सोय आहे! लिनक्सने विश्वास ठेवला, प्रोसेस बदलताना फक्त सॅटप लिहितो, एसफेन्स करत नाही, आणि तुमच्या टीएलबीत तर मालकाच्या नावाचा रकानाच नाही. एक्सव्ही-६ एएसआयडीला हातच लावत नाही, दरवेळी पूर्ण फ्लश मागतो, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नाही.

सोपा उपाय आधी करा, सॅटप लिहिताना एएसआयडीचे बिट ० करून टाका. लिनक्सला ० बिट दिसतील, तो प्रोसेस बदलताना स्वतः पूर्ण फ्लश करेल, सेगफॉल्ट थांबायला हवेत. यात काही कमीपणा नाही, प्रामाणिकपणा आहे, जे नाही ते नाही म्हणून सांगायचं. मग सवडीने एन्ट्रीत एएसआयडी ठेवा, पण तेव्हा ग्लोबल बिट विसरू नका, तो असलेली एन्ट्री सगळ्या अ‍ॅड्रेस स्पेसना चालते आणि एका एएसआयडीपुरत्या एसफेन्सने ती जात नाही. आरएस२ लाही वरच्या उत्तरातलाच नियम लागू, एक्स-झीरो म्हणजे "सगळ्या अ‍ॅड्रेस स्पेस", आणि दुसऱ्या रजिस्टरमध्ये ० असेल तर "शून्य नंबरची अ‍ॅड्रेस स्पेस", दोन्ही वेगळं.

त्याच ठिकाणी मोडचे बिट पण बघून घ्या. सपोर्ट नसलेला मोड लिहिला तर स्पेकप्रमाणे ते अख्खं लिखाणच सोडून द्यायचं असतं, जुनी किंमत तशीच राहिली पाहिजे. लिनक्स पाच पायऱ्यांचा एसव्ही-५७ आहे का, चार पायऱ्यांचा एसव्ही-४८ आहे का हे असंच लिहून-वाचून ठरवतो, तिथे होकार गेला तर कर्नल पाच पायऱ्या बांधणार आणि तुम्ही तीनच चालणार. तुमचं बूट होतंय म्हणजे हे बहुधा ठीक असावं, तरी बघा.

प्रश्न: रिस्क-फाइव्हच्या अधिकृत टेस्टपैकी "डर्टी" नावाची एकच टेस्ट फेल होते, बाकी सगळ्या पास. टीएलबी टाकल्यापासूनच. सोडून दिली तर चालेल का? - कोल्हापूरचा एक वाचक

उत्तर: नाही हो, अजिबात सोडू नका. ही टेस्ट डी बिट बघते. पानात काही लिहिलं गेलं की पेज टेबलच्या एन्ट्रीत डी बिट लागला पाहिजे, आणि कर्नल त्या बिटावर विसंबून ठरवू शकतो की हे पान स्वच्छ आहे, डिस्कवर न लिहिता टाकून दिलं तरी चालेल. बिट लागला नाही तर लोकांचा डेटा जाईल, क्रॅश न होता, गुपचूप, आणि असा बग वर्षभर सापडत नाही.

तुमच्याकडे बहुधा असं होतंय की आधी त्या पानातून वाचन होतं, तुम्ही टेबल चालून एन्ट्री भरता, पान लिहिता येण्यासारखं आहे म्हणून लिहिण्याची परवानगी पण लगेच लावून टाकता. पुढचं लिखाण मग टीएलबीतच हिट होतं, टेबलकडे कोणी जात नाही आणि डी बिट लावायचा राहतो. यावर क्यूएमूची पद्धत घ्या, एकाच एन्ट्रीत वाचायचा, लिहायचा आणि कोड चालवायचा असे तीन वेगळे टॅग. लिहायचा टॅग फक्त दोन वेळा भरायचा, एकतर आत्ता लिखाणच चाललंय आणि आपण डी लावला, किंवा टेबलमध्ये डी आधीपासून लागलेला होता. नाहीतर तो रिकामा, म्हणजे पहिलं लिखाण मुद्दाम मिस होऊन हळू रस्त्याने जाईल आणि बिट लागेल. ए बिट, म्हणजे पान वापरल्याची खूण, एन्ट्री भरतानाच लागते म्हणून तिथे हा घोळ होत नाही. (काही जण बिट स्वतः लावण्याऐवजी पेज फॉल्ट देतात, म्हणजे ते काम कर्नलवर सोडतात, स्पेकला ते पण चालतं, पण एक्सव्ही-६ पानं जोडताना ए आणि डी लावत नाही, त्यामुळे ती ओएस मग चालणार नाही.)

या बिटांनी खऱ्या चिपवाल्यांनाही रडवलंय. २००७ मध्ये एएमडीच्या बार्सिलोना आणि फेनॉम प्रोसेसरमध्ये जो प्रसिद्ध टीएलबी बग निघाला, त्यांच्या यादीतला २९८ नंबरचा, तो नेमका ए किंवा डी बिट लावण्याच्या क्षणी कॅशेमधून ओळ बाहेर पडण्याशी जोडलेला होता. बायॉसमधून उपाय दिला तर मशीन स्लो व्हायचं, शेवटी चिपची नवी आवृत्ती काढावी लागली. आपल्याला तर चार ओळी बदलायच्यात.

प्रश्न: टीएलबी किती एन्ट्रीचा ठेवू? मी ६५५३६ ठेवला तर उलट स्लो झालं. आणि कर्नलची २ एमबीची मोठी पानं कशी ठेवायची?

उत्तर: स्लो झालं कारण प्रत्येक पूर्ण फ्लशला तुम्ही तेवढं सगळं पुसताय, आणि प्रोसेस बदलताना फ्लश सारखे येतात. २५६ पासून सुरू करा, मोजा, मग वाढवा. क्यूएमू तर वापर बघून टेबल स्वतःच लहानमोठं करतो, पण ते नंतर.

मोठ्या पानांचं मात्र नीट ऐका. सोपं म्हणून बहुतेक जण २ एमबीच्या पानाचे ४०९६ बाइटचे तुकडे करून, लागेल तसा एकेक तुकडा टीएलबीत भरतात. भरायला हरकत नाही, पण कर्नल जेव्हा त्या पानातल्या कुठल्याही एका पत्त्यासाठी एसफेन्स करतो तेव्हा अख्ख्या २ एमबीचं भाषांतर जायला हवं, आणि तुमच्याकडे त्याचे ५१२ पर्यंत तुकडे वेगवेगळ्या खणांत पसरलेले असतील, तुम्ही एकच काढाल. प्रत्येक तुकडा शोधत बसू नका. एन्ट्री भरताना ती मोठ्या पानातून आली असेल तर त्या पानाची सुरुवात आणि शेवट एका जागी नोंदवा, नंतरच्या मोठ्या पानांना सामावून ती हद्द वाढवत न्या, आणि एसफेन्सचा पत्ता त्या हद्दीत पडला की सरळ पूर्ण फ्लश करून हद्द कोरी करा. क्यूएमू हेच करतो. आणि टेबल चालताना मोठ्या पानाचा खरा पत्ता २ एमबीच्या हद्दीवर बसतो का ते तपासा, बसत नसेल तर पेज फॉल्ट द्यायचा, खालचे बिट गुपचूप ० करून पुढे जायचं नाही.